यादीचं नाव

चंद्रावरच्या वसाहतीत प्रोग्राम यंत्रंच लिहीत. त्यातल्या याद्यांना नाव देण्याचं काम तेवढं शालनताईंकडे होतं. आज आलेल्या यादीत एकवीस म्हातारी माणसं होती. वसाहतीला प्राणवायू पुरेना, म्हणून सोमवारपासून त्यांचा बंद होणार होता.

“‘विश्रांती गट’ म्हणा की, ताई,” वसाहतीचे प्रमुख दाभाडेसाहेब म्हणाले.

“साहेब, यादी जे करते तेच तिचं नाव. तीस वर्षं हेच करत आलेय मी.”

ताईंनी टाइप केलं : ‘गुदमरवून मारायची माणसं’.

नियमाप्रमाणे साहेबांनी नाव मोठ्याने वाचलं की यादी चालू होणार होती. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, मग ते घोटभर पाणी प्यायले.

“यंत्राला दुसरा मार्ग शोधायला सांगा,” शेवटी ते पुटपुटले.

“सकाळीच सांगितलंय,” शालनताई म्हणाल्या.