उजव्या गालावरचा तीळ

"हे त मंजू व्हय," रामीबाई म्हणाली आणि लॅपटॉपपासून मागे सरकली.

राखीने दुखरे खांदे चोळले. पाच दिवसांपासून ती आजोबांच्या जुन्या स्लाइड कॅमेऱ्यात उतरवत होती. आजोबा, जगदेव गुरुजी, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरच्या शाळेत होते. फोटोंचा त्यांना नाद होता. खाली पांढरा उजेड, मध्ये स्लाइड, वर स्टँडला टांगलेला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स. धूळ फुंकायची, फोकस धरायचा, श्वास रोखून बटण दाबायचं. ही सहाशे बारावी स्लाइड होती. पेटीतली शेवटची.

रामीबाई त्याच तांड्यावरची. फोटोचाच फोटो काढून राह्यली, तुले काही काम नाही काय, असं तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं. तरी रोज येत होती. तिला अंजू हवी होती. अंजू-मंजू तिच्या जुळ्या मुली. अंजूचा तीळ डाव्या गालावर, मंजूचा उजव्या. एवढाच फरक. सहाव्या वर्षी अंजू ऊसतोडीच्या फडावर तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

स्क्रीनवर एकटीच मुलगी होती. हातात पाटी, उजव्या गालावर तीळ.

रामीबाई उठून अंगणात जाऊन बसली. आपल्या याडीला, आईला, न्यायला आलेली मंजू, आता पंचेचाळिशीची, स्क्रीनजवळ सरकली. मंजूचाही लहानपणीचा फोटो हा एवढाच. स्लाइड उलटी तर ठेवली नाही ना, तिने विचारलं. राखीने तपासलं. चकचकीत बाजू वर होती. पाटीवरचा 'अ' सुलटा होता. उलटी असती तर डावं-उजवं बदललं असतं, मावशी, पण चूक नाही, ती म्हणाली.

"मंग आता ठेव उलटी."

ते खोटं होईल, राखी म्हणाली. शिवाय पाटीवरची अक्षरंही उलटी दिसतील.

"याडीले अक्षरं कुठं येते, बाई? तिले तीळ तेवढा येते."

राखीने अंगणात बसलेल्या रामीबाईकडे पाहिलं. मग तिने स्लाइड पालथी केली, धूळ फुंकली, पुन्हा फोकस धरला. अंगणात जाऊन सांगितलं, आजी, माझ्याकडूनच उलटी ठेवल्या गेली होती.

रामीबाईने आत येऊन पदराने स्क्रीन पुसली. बोट गालापर्यंत नेलं, टेकवलं नाही.

"अंजे," ती म्हणाली.

मागे उभ्या मंजूने ओ दिली.