रापणीचा वाटा

मृदुलाने कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात मच्छीमारांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, ओरडला, "गो बाय, फोटो मगे काढ! आधी दोराक हात लाव!"

चार उन्हाळे ती सांगलीहून रजा टाकून या किनाऱ्यावर येत होती, ती एकाच फोटोसाठी: मासा उचलणारा समुद्रगरुड. आज रापणकर रापणीचं लांबलचक जाळं दोरांनी किनाऱ्याकडे ओढत होते आणि वर गरुड घिरट्या घालत होता. पण आठवडाभर रिकामं आलेलं जाळं आज गच्च भरलं होतं, ओढणारे मोजकेच होते, आणि दोर उलटा समुद्राकडे सरकू लागला होता.

तिने कॅमेरा गळ्यात सोडला, वाळूत टाचा रोवल्या आणि दोर धरला.

अन् नेमका तेव्हाच गरुड झेपावला! जाळ्याच्या तोंडाशी उसळलेला बांगडा उचलून तो तिच्या डोक्यावरून गेला, इतक्या खालून, की खारं पाणी तोंडावर उडालं. दोन्ही हात दोराला. सोडणार कशी? ती लहान पोरीसारखी किंचाळली आणि आणखी जोरात ओढू लागली.

जाळं वाळूवर आलं. "त्याचो वाटो त्येना नेल्यान," तांडेल हसला. दोराला हात लावील त्याला वाटा, हा इथला रिवाजच. "आणि ह्यो तुझो!" त्याने पाच बांगडे तिच्या टोपीत टाकले.

नवऱ्याचा फोन आला. "मिळाला का गं फोटो?"

"फोटो कसला घेऊन बसलास! हाताची सालं निघालीयेत, आणि मला वाटा मिळालाय!"