पाच नंबरची नळी

तिसऱ्यांदा तपासलं तरी तेच. पाच नंबर. चिमीनं काचेची बशी उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. बशी उचलून-ठेवून उत्तर बदलत असतं तर आणखी काय हवं होतं! पाच नंबरची नळी तिच्या आईची होती.

बाळंतिणींच्या वॉर्डात पंधरा दिवसांत तीन तान्ह्या बाळांच्या अंगावर गळवं उठली होती. वॉर्डातल्याच कुणाच्या तरी नाकात जंतू दबा धरून बसले होते. ज्याच्या नाकात होते त्याला साधी शिंकही येत नसेल, पण बाळांच्या जिवावर बेतत होतं. म्हणून वॉर्डात काम करणाऱ्या आठही जणींच्या नाकातून कापूस फिरवून आठ नळ्या प्रयोगशाळेत आल्या. त्या तपासायचं काम चिमीचं. तिच्याकडे फाज होते, जंतूंना खाणारे विषाणू. हे मोठे चोखंदळ. एका जातीच्या जंतूवर तुटून पडतील, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. बशीत जंतूंची साय धरू द्यायची, तिच्यावर वेगवेगळ्या फाजचे वीस थेंब सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, साय कुठेकुठे फस्त झाली. बाळांच्या जंतूंवर चार थेंब चालले होते. पाच नंबरवर तेच चार, म्हणजे जंतूही तेच.

"अहवाल मी लिहितो," प्रयोगशाळेचे साहेब हळूच म्हणाले.

"नको, सर. तपासलंय मी."

आणि तिनं आईचं नाव लिहिलं. तिला वाटलं, नाकात फाजचे थेंब घालायचे, पंधरा दिवस घरी बसायचं, की आई पुन्हा कामावर. उपाय इतका सोपा. पण आई पडली रोजंदारीवरची आया. "मावशी, आता येऊ नका," एवढ्यावर तिची बावीस वर्षं संपली.

घरी येऊन आईनं एकच विचारलं. "तूच लिहिलंस?"

"हो."

त्यानंतर आई तिच्याशी बोललीच नाही. डबा भरायची आणि 'डबा भरलाय' असं भिंतीला सांगायची. शेजारीण आली की चिमीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!" थेंबांची बाटली खिडकीत होती तशीच राहिली. तिचं सीलसुद्धा आईनं फोडलं नाही. हट्टी बाई, चिमी मनात म्हणायची, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडून घ्यायची.

दहाव्या दिवशी चौथं बाळ आजारी पडलं. चार दिवसांचं पोर. तापानं फणफणलेलं, दूध सोडलेलं. त्याच्या बशीतही तेच चार थेंब चालले, आणि आईनं तर नऊ दिवसांत वॉर्डाचा उंबरा ओलांडला नव्हता.

साहेबांनी बाळाला ताबडतोब फाजचं औषध सुरू केलं आणि सगळ्यांचे नमुने नव्यानं मागवले. या वेळी प्रत्येकीच्या नाकात कापूस चिमीनं स्वतःच्या हातानं फिरवला. घरी येऊन आईच्याही. आई डोळे मिटून बसली, पण नाही म्हणाली नाही.

उत्तर आलं. आईचं नाक धुतल्या तांदळासारखं. जंतू होते मोठ्या सिस्टरांच्या नाकात. त्याच सिस्टर, ज्यांनी पहिल्या वेळी नळ्या गोळा करून पाठवल्या होत्या. ज्यांना येत्या महिन्यात मेट्रनची खुर्ची मिळणार होती. चिमीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती दुपारीच घरी आली, चपलाही न काढता आईपुढे उभी राहिली.

"आई, त्या सिस्टरांनी केसानं गळा कापला तुझा! स्वतःचा नमुना तुझ्या नळीत घातला. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. तुझं काम तुला परत मिळवून देते."

आई उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. सुई कापडात तशीच ठेवून ती कितीतरी दिवसांनी लेकीकडे बघून बोलली.

"त्यांनी नाही घातला. मी घातला."

चिमीनं आईच्या हातातला अभ्रा काढून घेतला.

"त्यांच्या नाकात फोड आला होता. त्या घाबरल्या, रडल्या माझ्यापाशी," आई म्हणाली. "तू सातव्या महिन्यात झालीस. मुठीएवढी. याच बाईनं तुला कापसात गुंडाळून जगवलं. मी त्यांना नाही कशी म्हणू गं?"

"म्हणून माझ्याकडून खोटं लिहून घेतलंस? मी तुझ्या पोटची ना? किती दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय! आणि ते बाळ, आई? आठवड्याचंसुद्धा नाही ते. अजून काचेच्या पेटीत आहे."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाळाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आम्हाला वाटलं, सगळं आपोआप निवळेल," ती पुटपुटली. "त्या गुपचूप औषध करणार होत्या. कुणाचंच नाव येणार नव्हतं."

"असं कसं येणार नव्हतं? नळीवर तुझं नाव होतं!"

"तेच सिस्टरही म्हणाल्या. मावशी, तुमचं नाव निघालं तर तुमचं काय?" आईनं पदर डोळ्यांना लावला. "मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, तपासणार माझी चिमी आहे. जीव गेला तरी ती आईचं नाव लिहायची नाही."