काकवीची बरणी

"हरणाला डोळ्यांनी नाही बोलवायचं रे पोरा, नाकाने बोलवायचं," असं म्हणत आर्विडचे बाबा शिकारीसाठी सफरचंदाच्या साली काकवीत आंबवायचे. त्या बरणीच्या वासावर हरणं माहेरी आल्यासारखी यायची. आर्विडने त्याच साली, तीच काकवी घेतली, तरी सलग तिसऱ्या नोव्हेंबरात तेच झालं. हरीण चाळीस पावलांवर आलं, नाक वर करून थबकलं, खूर आपटला आणि पांढरी शेपटी उडवत पळालं.

घरी येताच त्याने बरणी अंगणात उपडी केली. "बाबांनी नक्की काहीतरी लपवलं माझ्यापासून! शेजारचा ओर्लिन म्हणतो, आता तिचा मुरंबा करून पावाला लाव!"

"बाबांनी नाही लपवलं." त्याच्या बायकोने, लेनोरने, त्याचा शिकारीचा कोट हातात घेतला. "मी लपवलंय. हरणं येऊ नयेत म्हणून आपण बागेत झाडांना साबण टांगतो ना? त्यातली एक वडी या अस्तरात शिवलीय. काकवीपुढे तुझ्या नाकाला कळतंय कुठे काही!"

"तीन वर्षं? अगं, पण का?"

"बाबांची बरणी पावायची, आर्विड. तिने बोलावलेलं शेवटचं हरीण बर्फातून ओढत आणतानाच छातीत कळ येऊन ते गेले. डॉक्टरांनी तुझी छाती उघडली, त्याच आठवड्यात मी सुई हातात घेतली. रिकाम्या हातांनी ये, पण आपल्या पायांनी घरी ये."