बाभळीमागची घरं

“मॅडम, हे बी दाखवायचं का?” श्रेयानं पेन्सिल कागदावर टेकवून विचारलं.

गायरानातल्या वेड्या बाभळींमागं तिची वस्ती होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथं माणूस राहतो याचा पत्ताही लागत नसे. बाभळी मुद्दाम राखलेल्या. परक्या माणसाला वाट सांगायची नाय, हे तिथल्या पोरांना बोलता यायला लागलं की आधी शिकवत.

वहिदा मॅडम हसल्या. “अगं, नकाशात लपवाछपवी नसते. जे आहे ते सगळं आलं पाहिजे.”

मॅडमचा जीव या नकाशांत अडकला होता. करमाडजवळच्या त्या शाळेत भूगोल म्हणजे नुसती घोकंपट्टी. पोरं परदेशातल्या नद्या धडाधड म्हणायची, अन् उत्तर दिशा कुठं विचारलं की आभाळाकडं बोट दाखवायची! मॅडमनी पुस्तकं मिटवली, पोरांच्या हाती होकायंत्र दिलं आणि ज्याला त्याला आपल्या वस्तीचा नकाशा काढायला लावला. ‘निघाली मॅडमची सहल,’ म्हणून मुख्याध्यापक नाक मुरडायचे. पण प्रयोग शिक्षणखात्याला पसंत पडला तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांत तो सुरू होणार होता. मॅडमना दुसरं काही नको होतं.

शाळेत भरलेल्या नकाशांच्या प्रदर्शनात श्रेयाचा नकाशा पहिला आला. येणारच की! बाभळीतली वाट, एकूण एक घर, हापसा, एवढंच काय, विजेच्या तारेवर चोरून टाकलेला आकडासुद्धा लाल रंगात. रंगपेट्या आणि ढाल दिली होती प्लॉटिंगवाल्या काकासाहेबांनी. त्यांच्या प्लॉटांना रस्ता हवा होता, अन् तो गायरानातूनच निघत होता. नकाशापुढं ते बराच वेळ रेंगाळले. मोबाइलवर फोटो काढला.

“लई झ्याक काढलंस, बाळा,” म्हणत त्यांनी श्रेयाच्या डोक्यावरून हात फिरवला. मॅडमचा ऊर भरून आला.

पंधरवड्यात काकासाहेबांच्या तक्रारीवरून जेसीबी आले. कुणालाच वाट विचारावी लागली नाही. तहसीलचे साहेब मोबाइलवरचा नकाशा बघत थेट बाभळीतून आत शिरले. आधी आकडा काढला, मग घरं पाडली. मॅडम धावत पोहोचल्या तेव्हा श्रेयाची आई मातीतून भांडी उपसत होती. तिनं मॅडमकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“मॅडम,” काकासाहेब लांबूनच ओरडले, “तुमचा भूगोल कामाचा निघाला बरं का!”

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि त्याच महिन्यात प्रयोग पसंत पडला. खात्याचे पाहुणे येणार, पोरांनी त्यांच्यासमोर आपल्या वस्तीचा नकाशा काढून दाखवायचा, असं ठरलं. नाही म्हणावं असं मॅडमना फार वाटलं. पण त्यांनी कोरे कागद मोजून ठेवले.

ढाल मिळवलेली पोरगी म्हणून मुख्याध्यापकांनी श्रेयाला पुढच्या बाकावर बसवलं. ती आता मामाकडून यायची, रोज उशिरा. तिनं पट्टी धरून चौकट आखली. उत्तरेचा बाण काढला. वर नाव घातलं, ‘आमची वस्ती’. मग पेन्सिल खाली ठेवली आणि हाताची घडी घातली.

पाहुणे कोऱ्या कागदावर वाकले. मॅडम बाकाजवळ आल्या.

“बेटा, बाकीचं काढ ना,” त्या हळूच म्हणाल्या.

“झालं की, मॅडम,” श्रेया म्हणाली. “जे हाय ते सगळं आलंय.”