होकायंत्राजवळची वायर

मारिवोन उताणी पडून, सुकाणूच्या चाकाखालच्या पोकळ खांबात कोपरापर्यंत हात घालून वायर वर ढकलत होती. वायर वर जाईना. आत साखळी होती, जुन्या वायरी होत्या, मुंगीलासुद्धा वाट नव्हती. नवऱ्याला तिने पाव आणायला पिटाळलं होतं. बेकरी धक्क्यावरच होती, पण गुल्वेन आताशा वाटेत विसरायचा आणि कुणीतरी त्याला हाताला धरून बोटीपाशी आणून सोडायचं. आज त्याने जरा जास्तच विसरावं असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

गेल्या महिन्यात गुल्वेन चाकापाशी उभ्या उभ्या हरवला होता. बोट सरळ खडकांकडे चालली होती आणि हा मजेत गुणगुणत होता. तिने धावत येऊन चाक फिरवलं, म्हणून वाचले. दोन दिवसांनी तो म्हणाला, "ज्या दिवशी मला बंदराची वाट ओळखता येणार नाही ना, त्या दिवशी मला वृद्धाश्रमात टाक. माझी मी बॅग भरीन." त्यानंतर त्याने बोटीचं नाव काढलं नव्हतं. आज सकाळी मात्र कॉफी पिता पिता म्हणाला, "चल, एक चक्कर मारून येऊ."

म्हणून ही धडपड. सुकाणूला जोडलेली मोटर तिने डेकखाली केव्हाच बसवून घेतली होती. आता तिची वायर वर चाकापाशी, बटणापर्यंत न्यायची होती. बटण दाबलं की बोट आपली आपण दिशा धरणार, चाक आपलं आपण इकडे तिकडे फिरणार. गुल्वेनने वर नुसते हात ठेवायचे. त्याला सांगायचं, पाण्याची खोली मोजायचं यंत्र आहे. ज्याचा जन्म या पाण्यावर गेला त्याच्याशी असलं खोटं बोलायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण तो आश्रम ती पाहून आली होती. तिथली एकही खिडकी समुद्राकडे उघडत नव्हती.

मोटर विकणाऱ्या दुकानातल्या पोरीने तिला दोनदा बजावलं होतं, की खांबावर होकायंत्र आहे, त्याच्याजवळून दोन्ही वायरी वेणीसारख्या पिळून ने, सुट्या नेल्यास तर त्यांच्यातल्या विजेने काटा भलतीकडे फिरेल. पण पिळलेली जोडी काही केल्या आत शिरेना, आणि धक्क्यावर गुल्वेनचा आवाज ऐकू आला. तिने पीळ सोडला. एक वायर होकायंत्राच्या या बाजूच्या नळीतून, दुसरी त्या बाजूच्या नळीतून ओढून घेतली आणि स्क्रू आवळले.

"खाली काय करतेस? उंदीर शिरलाय?"

"खोली मोजायचं यंत्र बसवतेय."

"मला कधी लागलं नाही ते. तुला म्हातारपणी डोहाळे लागलेत."

"पाव कुठाय?"

"हा काय," असं म्हणून त्याने तिच्या हातात फ्लॉवरचा गड्डा ठेवला.

त्या दिवशी वारा चांगला होता. जाताना सगळं सुरळीत झालं. गुल्वेन चाक धरून उभा होता, चाक फिरत होतं, आणि फिरवणारे आपणच अशा थाटात तो जगाला शिव्या घालत होता. मारिवोनला रडू येईल इतकं बरं वाटलं.

परतताना बंदर दिसायला लागलं. पांढरं दीपगृह आणि त्याच्या बरोबर डोक्यावर चर्चचा कळस. ही दोन्ही एका रेषेत आली, की बोटीचं नाक बरोबर उत्तरेला असतं, काटा नाकाच्या रेषेत येतो आणि वाट मोकळी असते. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या या किनाऱ्यावरची पोरं हे बाराखडीआधी शिकतात. डाव्या अंगाला दुसऱ्या गावचा तसलाच कळस आहे. तो धरून जो आत शिरतो, तो खडकांवर जातो.

"मारिवोन, तो आपलाच कळस ना?"

"आपलाच."

गुल्वेनने होकायंत्राकडे पाहिलं. मग कळसाकडे. मग पुन्हा होकायंत्राकडे. काटा नाकाच्या रेषेपासून चांगला दोन बोटं सरकलेला होता.

"नाही गं," तो म्हणाला. "काटा खोटं बोलत नाही. हा दुसरा कळस आहे, आणि मला तो आपला दिसतोय." "आला तो दिवस. पोराला फोन कर. म्हणावं, बाबा तयार आहे."

तो रडत नव्हता, म्हणून तिला आणखी भीती वाटली. गप्प बसलं तर हा माणूस आजच संपला, हे तिला दिसत होतं. बोललं तर त्याच्या हातातलं चाक गेलं. तिसरं काही सुचेना. तिने पुढे होऊन बटण बंद केलं. काटा हळूहळू सरकला आणि नाकाच्या रेषेत येऊन थांबला.

"काटा खोटा होता," ती म्हणाली. "वायरी मी चुकीच्या घातल्या. आणि ते खोली मोजायचं यंत्र नाही, गुल्वेन. सकाळपासून बोट ते चालवतंय. तू नाही."

आता तो ओरडेल, यंत्र उपटून समुद्रात फेकेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. तो काट्यावर वाकला.

"म्हणजे कळस आपलाच होता?"

"हो."

"मला बरोबर दिसत होतं?"

"हो रे. बरोबर दिसत होतं."

गुल्वेनने बोटाने बटण पुन्हा चालू केलं. काटा पुन्हा सरकला. त्याने चाकावरचे दोन्ही हात काढले आणि पँटच्या खिशात घातले. चाक आपलं आपण थोडं डावीकडे फिरलं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हाकू दे त्याला," समोरच्या कळसावरची नजर न काढता तो म्हणाला. "वाट मी बघतो."