पहिला पाहुणा

वादळाने बेटावरची निम्मी घरं नेली आणि उरलेल्या घरांत चोर शिरू लागले. त्यामुळे लॉजवालीच्या पडक्या खोलीत एक अनोळखी माणूस वाकून सामान उचलताना दिसला, तेव्हा तिच्या भावाने काही विचारलंच नाही. हातातलं वल्हं त्याने सरळ त्याच्या पाठीत घातलं. आरडाओरडा ऐकून शेजारीही धावून आले आणि सगळ्यांनी मिळून त्याला लाथांनी तुडवलं. उजवा हात मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, तरी कोणी थांबेना.

"अरे, सोडा त्याला! गिऱ्हाईक आहे ते माझं!" लॉजवाली किंचाळत आली. "सगळ्यांनी बुकिंग रद्द केलं. हा एकटाच म्हणाला, छप्पर नसलं तरी येतो, आवरायला मदतही करतो."

भावाने वल्हं दूर फेकून दिलं. लॉजवालीने पाहुण्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि हात जोडले. "दादा, दुपारच्या बोटीने परत जा. तुम्हाला थांबा म्हणायला तोंड नाही उरलं आम्हाला."

तो भिंतीला टेकून रक्त थुंकला.

"मी डावखुरा आहे, ताई. जेवायला वाढा, मग उरलेलं आवरू."